कोपऱ्याचं बिस्किट

“मग वाढलं कसं?” आईंनी तो कागद थोरलीच्या नाकासमोर धरला. “तेल मी मोजून देते. साखर मी मोजून देते. लोणी तर या स्वयंपाकघरात कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मग वाढलं कसं, सांग ना!”

“मला काय माहीत आई? मी काय रक्तात शिरून बघू?”

“उलट बोलू नकोस.”

“मग सुलट काय बोलू? तुम्ही देता त्या तेलात कढईचा तळसुद्धा ओला होत नाही. भाजी पाण्यावर शिजवते. आता काय, नुसतं वाफेवरून फिरवून आणू?”

धाकटा दीर दाराशी वाकून बुटाच्या नाड्या बांधत होता. “वहिनी, वाफेतही काही असेल हो,” तो म्हणाला. “आपल्या घरात आजारी नक्की कोण आहे, बाबा की भाजी, हेच मला कळेनासं झालंय.”

“तू दुकानात जा,” आई म्हणाल्या. “तुला काय, तू बाहेर चरून येतोस.”

धाकटा गेला. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बिनसाखरेचा चहा पीत होते. रक्त त्यांचं होतं, रिपोर्ट त्यांचा होता, पण भांडणात ते नव्हते. कपाच्या आत काहीतरी पडलंय आणि ते शोधायचंय, असं त्यांचं खाली बघणं चाललं होतं.

“शेजारणीकडून तेल उसनं आणतेस का तू?” आईंनी विचारलं.

“आई!”

“मग? माणूस सकाळी उठून चालतो. घरी येऊन हे असलं बेचव खातो, चकार शब्द काढत नाही. तरी रिपोर्टात ते ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वरच. काहीतरी पोटात जातंय म्हणून ना? आणि पोटात जातं ते कुणाच्या हातचं जातं?” त्यांचा आवाज अचानक खाली आला. खाली आला की तो जास्त लागायचा. “एकाला खाऊ घालून घालवलंस. आता दुसऱ्याची पाळी आहे का?”

थोरलीची मुलगी गोटी दप्तर भरत होती. ती थांबली. थोरलीने तिच्या वेणीची रिबीन उगाचच सोडून पुन्हा बांधली, दप्तर पाठीवर चढवलं आणि तिला शाळेत सोडायला बाहेर पडली. जिन्यात गोटीने विचारलं, “आई, एकाला म्हणजे माझ्या बाबांना ना?” थोरली म्हणाली, “पायऱ्या बघून उतर.”

* * *

ती या घरात आली त्या दिवसापासून थोरली. धाकट्याचं लग्न अजून झालेलं नव्हतं, म्हणजे जिच्यामुळे ती थोरली ठरावी अशी कुणी घरात नव्हतीच, पण नाव पडलं ते पडलं. माहेराहून तिने फारसं काही आणलं नव्हतं. हाताला चव तेवढी आणली. पहिल्याच आठवड्यात आईंनी वरच्या मजल्यावरच्या बायकांना बोलावून तिच्या हातचं जेवू घातलं होतं आणि म्हणाल्या होत्या, “आता मी स्वयंपाकघरात पाय ठेवायची नाही. माझ्या नवऱ्याची बेकरी बाहेर, सुनेची घरात.” आईंना बढाई मारायला आवडायचं आणि थोरलीला ती ऐकायला. त्या दोघींचं तेव्हा बरं चाललं होतं, हे आता कुणाला सांगून पटलं नसतं.

मग थोरलीचा नवरा गेला. वय चाळिशीच्या अलीकडचं. बेकरीत पीठ मळायच्या टेबलापाशी उभा होता, बाबांना म्हणाला, जरा बसतो, आणि बसलाच.

लोक भेटायला आले. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, इतक्या लहान वयात कसं काय? त्यात एक दूरची आत्या होती, स्वभावाने वाईट नव्हती, फक्त तोंडाला कुलूप नव्हतं. तिने थोरलीचा हात हातात घेतला, थोपटला आणि विचारलं, “काय खायला घालायचीस गं त्याला?” तिच्या मनात काही नसेलही. पण शेजारी आई बसल्या होत्या. दुःखाला बसायला कुठेतरी जागा लागते. आईंच्या दुःखाला त्या प्रश्नावर बूड टेकता आलं आणि मग ते तिथून उठलंच नाही. ‘तुझ्या हाताला चव आहे’चं ‘तुझ्या हाताची चव नडली त्याला’ कधी झालं, ते थोरलीलाही नेमकं सांगता आलं नसतं.

तिला हेही सांगता आलं नसतं की हे खोटं आहे. हीच खरी अडचण होती. रात्रीचं उरलेलं ती सकाळी त्याला परतून द्यायची. तो बोटं चाटायचा. आजारी आहोत हे कळल्यावर त्याने सगळं सोडलं होतं हे खरं. भल्या पहाटे बेकरीत जायचा, दुपारी उन्हातून तासभर चालायचा, तेलकट ताट दूर सारायचा. पोट उतरलं तेव्हा त्याने खिळा आणि हातोडी घेऊन पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं आणि घरभर दाखवत फिरला होता. पण त्याच्या आधीची वर्षं? ती तिच्याच हातची होती. तो पट्टा अजून दारामागे टांगलेला होता. कपडे काढताना, घालताना तिला ते भोक दिसायचं. कडा नीट न कापलेलं, जरा वाकडं.

त्याच्यानंतर डॉक्टरबाईंनी घरातल्या सगळ्या मोठ्यांचं रक्त तपासायला लावलं. धाकट्याचं ठीक निघालं. बाबांचं निघालं नाही. ट्रायग्लिसराइड वाढलेले, वाईट कोलेस्टेरॉल त्याहून वाढलेलं. घरात या दोन पाहुण्यांची नावं पडली, ‘लांबडं’ आणि ‘वाईट’. “लांबडं कितीवर आलं?” असं धाकटा विचारायचा, जसं काही ते गावाहून निघालेलं आहे.

बाबांबरोबर थोरली गेली होती, कारण आईंचे गुडघे जिना चढू द्यायचे नाहीत. डॉक्टरबाईंनी कागदावर एक गोळी लिहिली.

“गोळी नको,” बाबा म्हणाले. “मी चालीन. खाणं सोडीन. मला थोडा वेळ द्या, मी उतरवून दाखवतो.”

“चाला, खाणंही सांभाळा. ते करायचंच आहे. लांबडं त्याने पुष्कळ उतरेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या, बाबांच्या तोंडून ऐकून त्याही तेच नाव वापरायला लागल्या होत्या. “पण ते ‘वाईट’ सगळंच तुम्ही खाता त्यातून येत नाही. शरीर स्वतःच ते तयार करतं. काही घरांत ते जन्मापासून जास्त असतं आणि मला वाटतं, तुमचं घर त्यातलं आहे. ते नुसत्या चालण्याने खाली येणार नाही. तुमच्या मुलाला कुणी गोळी सांगितली नव्हती का?”

बाबांना खोकला आला. खोकला संपल्यावर ते म्हणाले, “नाही.”

“त्याची एक मुलगी आहे ना?” डॉक्टरबाईंनी थोरलीकडे पाहिलं. “तिचंही रक्त एकदा बघून घ्या. घाबरू नका. लहानपणी कळलं तर बरंच करता येतं.”

रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, “पोरीचं एवढ्यात काही नको. लहान आहे. आणि हिला काही बोलू नकोस.” ‘हिला’ म्हणजे आईंना.  खरं तर थोरलीलाही ते पुढे ढकलायला बरं वाटलं. गोटीच्या दंडात सुई जाणार, आणि मग एक कागद येणार, आणि त्या कागदावरही तिच्या हातची चव निघाली तर?

तेव्हापासून तेलाची बाटली आईंच्या कपड्यांच्या कपाटात असायची. सकाळी कुलूप निघायचं, चमचा भरून तेल वाटीत पडायचं, पुन्हा कुलूप. एकदा बुचातून तेल गळून आईंच्या ठेवणीतल्या कपड्यांवर डाग पडला. त्याचाही दोष अर्थात थोरलीचाच होता.

* * *

बेकरी घरामागच्या गल्लीत होती. दुपारचा डबा थोरली रोज न्यायची, पण पुढच्या बाजूने. काउंटरवर धाकट्याच्या हातात द्यायचा आणि वळायचं. आत ती गेलीच नव्हती, त्या दिवसापासून. आत ते टेबल होतं.

आज काउंटरवर कुणी नव्हतं. धाकटा माल पोचवायला गेला होता. काचेवर ‘पाच मिनिटांत येतो’ची पाटी होती आणि ती पाच मिनिटं कशी असतात ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. डबा तिथेच ठेवून जावं की काय, असा तिने विचार केला. मग मागच्या दाराकडे गेली.

दार उघडंच होतं. धग आधी अंगावर आली, मग वास. टेबलाकडे न बघता तिने भट्टीकडे पाहिलं. बाबा तिच्याकडे पाठ करून उभे होते. बनियन ओला, खांद्यावर फडकं. त्यांनी लांब दांड्याच्या आकड्याने एक पत्रा ओढला, फडक्यात धरून कट्ट्यावर ठेवला. बिस्किटांच्या ओळीच ओळी. वाफ जिरायच्या आत त्यांनी उजव्या कोपऱ्यातलं बिस्किट उचललं, कानाशी नेऊन कुडकन मोडलं, मग तोंडात टाकलं. चावता चावता मान हलवली आणि पुढचा पत्रा आत सारला.

थोरलीला ते बघून काही वाटलं नाही. बेकरीवाला आपला माल बघतोय. त्यात काय?

दुसरा पत्रा बाहेर आला. कोपऱ्यातलं बिस्किट उचललं, मोडलं, खाल्लं. तिसरा आला. भिंतीशी रिकाम्या झालेल्या पत्र्यांची चळत होती, सकाळपासूनची, तिच्या खांद्यापर्यंत आलेली.

तिच्या हातातला डबा गरम होता. पाण्यावर शिजवलेला भोपळा.

“बाबा,” ती म्हणाली.

ते दचकून वळले. ओठांना चुरा होता. “अगं, तू इकडे? तो कुठे गेलाय?”

“हे रोज करता?”

“काय?”

“हे. प्रत्येक पत्र्याचं.”

बाबांनी खरोखर न कळल्यासारखं कट्ट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “कोपऱ्याचं? ते तर बघावंच लागतं. भट्टी कोपऱ्यात जास्त तापते. कोपरा साधला तर सगळा पत्रा साधला. माझ्या बापाने शिकवलंय.”

“पण बाबा, ते पोटात जातं.”

“छे! हे काय खाणं आहे?” ते हसले. लहान मुलाला समजवावं तसे. “हे काम आहे. बाप म्हणायचा, चाखलेलं जिभेवरच जिरतं. खाणं म्हणजे बसून, ताटात. मी ताटातलं तुझ्यादेखत खातो. त्यात कधी लबाडी केली का?”

नव्हती केली. हेच तर. हा माणूस खोटं बोलत नव्हता. लोणी, साखर, मैदा दिवसभर पोटात टाकत होता आणि संध्याकाळी घरी येऊन असलाच भोपळा प्रामाणिकपणे गिळत होता. त्यांच्या घरात ‘कोपऱ्याचं’ हे मोजण्यात नव्हतंच. ते विकायचं नसायचं, ताटात यायचं नसायचं. रोज संध्याकाळी बाबा शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळून एक घेऊन यायचे, गोटीसाठी, आणि तेही कुणी खाऊ म्हणून धरायचं नाही. ‘जेवायच्या आधी काही खाऊ नकोस’ असं तिला बजावणारी थोरली स्वतःच म्हणायची, “कोपऱ्याचं तेवढं खा.”

“हेही करायचे?” तिने विचारलं. ‘हे’ म्हणजे तिचा नवरा.

“त्याची जीभ माझ्यापेक्षा तयार होती,” बाबा म्हणाले. आणि मग त्यांचं हसू गेलं. काहीतरी हळूहळू त्यांच्यापर्यंत येऊन पोचत होतं. ते पिठाच्या पोत्यावर बसले. हातातलं फडकं त्यांनी एकदा उलगडलं, एकदा घडी केलं.

“मी म्हणत होते बाबा,” थोरली म्हणाली, “माझ्या हातचं.” तिला पुढे बोलवेना. “इतके दिवस मी म्हणत होते, असेलच माझ्या हातचं.”

“तुझ्या हातचं नव्हतं.”

“आईंना सांगा मग. सांगा की भाजीतून नाही, इथून जातं.”

“हे सांगतो. हे काय, सांगेन.” ते उठले आणि टेबलाच्या खणाशी गेले. खोके बांधायची सुतळी असायची तो खण. सुतळीची गुंडी बाजूला करून त्यांनी तळाशी हात घातला आणि गोळ्यांची एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. पिठाने पांढरी झालेली. तिच्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती.

“त्याने आणल्या होत्या,” बाबा म्हणाले. “जायच्या आधीच्या वर्षी. इथे उभा होता. म्हणाला, बाबा, डॉक्टर म्हणतात, कायमच्या घ्यायच्या. मी म्हटलं, कायमच्या? या वयात? म्हातारा झालास काय? एकदा गोळी लागली की सुटत नाही, मी म्हटलं. चालायला लाग, खाणं कमी कर, पोट उतरव, आपोआप बरं होईल. माझा बाप भट्टीपुढेच गेला, पण एक गोळी नाही घेतली त्याने.”

“ते कसे गेले?”

“असाच. सगळे म्हणायचे धगीने गेला.” बाबांनी भट्टीकडे पाहिलं. “मला तो म्हणाला, ठीक आहे बाबा, चालून बघतो. ऐकणारा पोरगा होता. न ऐकणारा असता तर.”

भट्टीतून जळका वास यायला लागला. दोघांपैकी कुणीही हललं नाही.

“मी आता गोळी घेतली,” बाबा म्हणाले, “तर त्याचा अर्थ काय होतो, सांग. म्हणून मला चालूनच उतरवायचं होतं. मी चालून उतरवलं असतं, तर मग मी त्याला बरोबर सांगितलं होतं.”

“आईंना हे माहीत नाही.”

“नाही. तिला कळलं तर ती मला जगू देणार नाही गं.”

थोरलीने डब्याचं झाकण उगाच दाबून घट्ट केलं. “आणि मला जगू देतायत का, बाबा?”

डबा तिने त्या टेबलावर ठेवला. बाहेर पडताना धाकटा रिकामी सायकल घेऊन गल्लीत शिरत होता. “वहिनी, आत कशाला गेलात? आणि हे काय, जळलं का काही?” तो म्हणाला. ती थांबली नाही.

* * *

संध्याकाळी बाबा नेहमीच्या वेळेला आले, हातपाय धुतले आणि ताटावर बसले. आईंनी सकाळचं अजून सोडलेलं नव्हतं. “उद्यापासून मी स्वतः रांधणार. गुडघे गेले खड्ड्यात. बघू मग कसं वाढतं ते.”

“आई, तुम्ही रांधणार म्हणजे आम्हाला मीठही मोजूनच मिळणार,” धाकटा म्हणाला. 

गोटी आजोबांच्या मांडीवर रेलली आणि सवयीने त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घातला. हात बाहेर आला तो पट्टी घेऊन. तिने ती उलटसुलट केली, बोटाला लागलेलं पीठ पाहिलं.

“आजोबा, हे कोपऱ्याचं नाही.”

बाबांनी ती तिच्या हातातून घेतली नाही. खिशात पट्टी ते विसरले होते की मुद्दाम ठेवून आले होते, हे थोरलीला पुढेही कधी कळलं नाही.

“गोळ्या?” आई म्हणाल्या. “कुणाच्या?”

“त्याच्या,” बाबा म्हणाले. “डॉक्टरांनी दिल्या होत्या. मी घेऊ नको म्हटलं.”

“त्याच्या म्हणजे?”

“आपल्या पोराच्या. मी नको म्हटलं त्याला. दिवसभर आम्ही दोघं भट्टीवर लोण्याची बिस्किटं चाखायचो, ते वेगळं. हिच्या स्वयंपाकाचा काही संबंध नाही.” एवढं एका दमात सांगून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. “या जुन्या झाल्या, मुदत संपलीय. उद्या नव्या आणतो. घ्यायला लागतो.”

आई रडतील असं थोरलीला वाटलं होतं. ओरडतील, ताट भिरकावतील. ती तयारीत होती. मनातल्या मनात तर ती दुपारपासून या क्षणाची वाट बघत होती. पण आई नुसत्या बसून राहिल्या. नवऱ्याकडे बघत, जसं काही त्यांना त्याचं तोंड लांबून ओळखायचं होतं.

“मग घेतल्या असत्या तर,” त्या शेवटी म्हणाल्या, “तर राहिला असता?”

“माहीत नाही.”

“डॉक्टरबाईंना विचारलंत?”

“विचारायची हिंमत झाली नाही.”

आई हाताचा रेटा देऊन उठल्या. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. एरवी थोरली हात पुढे करायची, आज केला नाही. त्या खोलीत गेल्या. कपाटाचं कुलूप वाजलं. परत आल्या तेव्हा हातात तेलाची बाटली होती. ती त्यांनी शेगडीजवळच्या फळीवर, तिच्या जुन्या जागी ठेवली आणि बाटलीखालचा तेलकट गोल पदराने पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही. थोरलीला त्या काही म्हणाल्या नाहीत. म्हणणारही नाहीत, हे तिला तेव्हाच कळलं. आणि दुपारपासून छातीत जे सुटेल सुटेल असं वाटत होतं, ते सुटलं नाही. तिच्या हातचं नव्हतं. बरं. तरी दारामागे पट्टा तसाच टांगलेला होता, आणि हे बापाकडून पोरात रक्तातून उतरत आलं होतं, तर त्या ओळीतली पुढची समोरच आजोबांच्या मांडीवर बसली होती.

गोटी पट्टीतली गोळी बोटाने दाबून बघत होती. थोरलीने ती तिच्या हातातून काढून घेतली.

“उद्या हिचं रक्त तपासायला नेणार आहे,” ती सगळ्यांना म्हणाली. “सकाळी हिला कुणी काही खायला देऊ नका. कोपऱ्याचंसुद्धा नाही.”